चार्ल्स डार्विन: पोटाच्या तक्रारीसोबत काढलेली चाळीस वर्षे

जेवणानंतर छातीत जळजळ, घशाशी येणारे आंबट पाणी, करपट ढेकर, पोटात गच्च धरलेला गॅस, कधी उलटी. या तक्रारी घेऊन येणाऱ्या बऱ्याच रुग्णांच्या हातात एक पिशवी असते. तिच्यात जुने रिपोर्ट असतात, तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एखादे चूर्ण आणि होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली. प्रत्येक औषधाने सुरुवातीला बरे वाटलेले असते आणि काही आठवड्यांनी तक्रार परत आलेली असते. तुमचीही अशी पिशवी असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा शास्त्रज्ञ म्हणून चार्ल्स डार्विनचे नाव तुम्ही शाळेत वाचले आहे. हा माणूस जवळजवळ चाळीस वर्षे पोटाने हैराण होता, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. त्याने त्या काळातले नामांकित डॉक्टर गाठले, थंड पाण्याचे उपचार केले, होमिओपॅथीच्या गोळ्या घेतल्या, खडूची पूड खाल्ली, अर्धपोटी राहून पाहिले. त्याची पत्रे आणि नोंदी जपून ठेवलेल्या असल्यामुळे कोणत्या उपायाने काय झाले, हे आज आपल्याला बरेच तपशिलाने कळते.

डॉक्टरांच्या घरातला मुलगा

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन तिथले नावाजलेले डॉक्टर होते आणि आजोबा इरॅस्मस डार्विनही डॉक्टरच. चार्ल्स आठ वर्षांचा असताना त्याची आई पोटाच्या तीव्र दुखण्याने वारली.

सोळाव्या वर्षी वडिलांनी त्याला एडिंबराला वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवले. त्या वेळी भूल देण्याची सोय नव्हती. एका लहान मुलावरची शस्त्रक्रिया त्याला पाहवेना. तो मध्येच बाहेर पडला आणि पुन्हा कधी शस्त्रक्रिया पाहायला गेला नाही. दोन वर्षांत त्याने ते शिक्षण सोडले आणि पुढे केंब्रिजला गेला.

डिसेंबर १८३१ मध्ये तो ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासाला निघाला. हा प्रवास जवळपास पाच वर्षे चालला. त्याला बोट फार लागायची. १८३४ मध्ये चिलीतल्या वाल्पराइसो शहरात पोट बिघडून तो महिनाभराहून अधिक काळ अंथरुणाला खिळला होता. एरवी मात्र जमिनीवर पाय ठेवला की तो घोड्यावरून लांबलांबचा प्रवास करी आणि डोंगर चढे. सांगायचा मुद्दा असा, की तरुणपणी तो काटक होता. आयुष्यभराचे दुखणे त्याच्या मागे नंतर लागले.

१८३९ मध्ये त्याचे लग्न मामेबहीण एमा वेजवुड हिच्याशी झाले. १८४२ मध्ये दोघे लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन या लहान गावी राहायला गेले. पुढची चाळीस वर्षे डार्विन तिथेच राहिला आणि तिथेच आजारीही राहिला.

तक्रारी काय होत्या?

डार्विनची मुख्य तक्रार गॅसची होती. दिवसा आणि विशेषतः रात्री पोट फुगून तो बेचैन होई. मळमळ आणि उलट्या होत. जेवणानंतर काही तासांनी होणाऱ्या उलटीत बरेचदा अन्न कमी आणि आंबट, चिकट पाणी जास्त असे. सोबत डोकेदुखी, धडधड, थकवा आणि अंगावर इसब. पाहुण्यांशी अर्धा तास जास्त बोलणे झाले, तरी त्याची रात्र खराब जाई. अभ्यासिकेच्याच एका कोपऱ्यात त्याने आडोसा करून प्रातर्विधीची सोय ठेवली होती. पोटाच्या रुग्णाला याचे कारण वेगळे सांगायला नको.

आंबट पाणी वर का येते, ते आधी समजून घेऊ. आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. अन्नातल्या प्रथिनांचे पचन सुरू व्हायला ते लागते आणि अन्नासोबत आलेले बरेच जंतू त्यामुळे मरतात. जठराच्या आतल्या अस्तराला या आम्लापासून जपणारा चिकट थर असतो. अन्ननलिकेला तसे संरक्षण नसते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. ती अवेळी सैल पडली, किंवा भरलेल्या पोटाचा तिच्यावर दाब आला, की आम्ल वर सरकते आणि छातीत आग पडते.

‘अ‍ॅसिडिटी’ हा शब्द आपण मात्र बऱ्याच वेगवेगळ्या त्रासांना वापरतो. झडप सैल असणे हा एक प्रकार. जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण म्हणजे अल्सर होणे हा दुसरा. तिसऱ्या प्रकारात तपासणीत काहीच सापडत नाही, तरी पोट जड होते, फुगते, दुखते. तिथे जठराची हालचाल आणि नसांची संवेदनशीलता बिघडलेली असते. याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे रुग्ण ढोंग करतो आहे, असा अर्थ घरच्यांनी काढू नये. तो त्रास खरा असतो.

माल्व्हर्नचे थंड पाणी आणि होमिओपॅथीच्या गोळ्या

नोव्हेंबर १८४८ मध्ये डार्विनचे वडील वारले. त्या काळात तो इतका आजारी होता, की अंत्यविधीतही त्याला नीट सहभागी होता आले नाही. आपण फार दिवस जगत नाही, असे त्याला वाटू लागले होते. अखेर मार्च १८४९ मध्ये बायको, मुले आणि नोकर असे सगळे बिऱ्हाड घेऊन तो माल्व्हर्न या डोंगराळ गावी गेला. तिथे डॉ. जेम्स गली यांचे जलोपचार केंद्र होते.

जुनाट आजारात पोटाकडे रक्त साचते आणि थंड पाण्याने ते त्वचेकडे खेचता येते, असा गली यांचा सिद्धांत होता. पहाटे उठवून, घाम आणून, थंड पाण्यात भिजवलेल्या खरखरीत पंचाने अंग घासायचे, मग ग्लासभर पाणी पिऊन फिरायला जायचे. दिवसभर पोटावर ओली पट्टी बांधलेली असे. साखर, लोणी, मसाले, चहा आणि डुकराचे खारवलेले मांस बंद. डोक्याला ताण देणारे काम जवळपास बंद. शिवाय गली दिवसातून तीन वेळा होमिओपॅथीचे औषध देत. डार्विन ते मुकाट्याने घेई, पण त्याचा त्यावर काडीइतकाही विश्वास नव्हता आणि बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने ते साफ सांगून टाकले.

आणि त्याला बरे वाटू लागले. उलट्या कमी झाल्या, वजन वाढले, तो लांबवर चालू लागला. जूनअखेर घरी परतताना तो गली यांचा चाहता झाला होता. डाउनच्या अंगणात त्याने थंड पाण्याचा झोत अंगावर घेण्यासाठी एक खोपटे बांधून घेतले. घरचा नोकर पार्स्लो रोज त्याचे अंग घासू लागला.

इथे थोडे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारा. डार्विनला कशामुळे बरे वाटले? थंड पाण्यामुळे? गोळ्यांमुळे? गोड आणि तेलकट बंद केल्यामुळे? रोजच्या चालण्यामुळे? कामाचा ताण थांबल्यामुळे? की दुखण्याची लाट ओसरण्याची वेळच झाली होती? एकाच वेळी सहा गोष्टी बदलल्या, तर यांतली कोणती उपयोगी पडली हे कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या पिशवीतल्या औषधांचेही बहुधा हेच झालेले असते.

रोजची नोंदवही

डार्विन निरीक्षणात मुरलेला माणूस होता. घरी परतल्यावर, १ जुलै १८४९ पासून, त्याने प्रकृतीची रोजची नोंद ठेवायला सुरुवात केली. दिवस कसा गेला, रात्र कशी गेली, गॅसचे झटके किती आले, उलटी झाली का, कोणता जलोपचार केला, हे सारे थोडक्यात लिहायचे. चांगल्या दिवसाखाली रेघ, फार चांगला असेल तर दोन रेघा. महिन्याच्या शेवटी तो अशा दिवसांची मोजदाद करी. ही वही त्याने जानेवारी १८५५ पर्यंत चालवली.

या नोंदींमधून दिसते, की आजार लाटांसारखा येत-जात होता. उपचार चालू असतानाही वाईट आठवडे आले आणि उपचार ढिले पडले तेव्हाही चांगले आठवडे आले. हळूहळू डार्विनचा जलोपचारांवरचा भर कमी होत गेला.

ही सवय तुम्हीही लावून घेऊ शकता. पंधरा दिवस एका साध्या वहीत लिहा: काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, कधी झोपलात, जळजळ कधी झाली, कोणती गोळी घेतली. मग एका वेळी एकच बदल करा, म्हणजे फक्त रात्रीचे जेवण लवकर घ्या किंवा फक्त उपाशीपोटीचा चहा सोडा. त्यानंतर पुढचे पंधरा दिवस पाहा. अशी वही घेऊन येणाऱ्या रुग्णाचे निदान करणे डॉक्टरला फार सोपे जाते.

अ‍ॅनी

डार्विन आणि एमा यांना दहा मुले झाली. त्यांतली तीन लहानपणीच गेली. थोरली मुलगी अ‍ॅनी १८४१ मध्ये जन्मली होती आणि वडिलांची फार लाडकी होती. १८५० च्या उन्हाळ्यापासून तिची तब्येत ढासळू लागली. घरीच तिच्यावर जलोपचार सुरू झाले. मार्च १८५१ मध्ये डार्विनने तिला माल्व्हर्नला गली यांच्याकडे नेऊन ठेवले. एप्रिलमध्ये तिला ताप आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हा तो पुन्हा तिकडे धावला. एमाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे ती डाउनलाच अडकली. डार्विन अ‍ॅनीच्या उशाशी बसून घरी पत्रे पाठवत राहिला: आज दोन चमचे पेज पोटात राहिली, आज पुन्हा उलटी झाली. २३ एप्रिल १८५१ रोजी दहा वर्षांची अ‍ॅनी गेली.

मृत्यूच्या दाखल्यावर पित्तज्वर असे कारण नोंदले गेले. आजच्या अनेक अभ्यासकांना तिला क्षयरोग असावा असे वाटते. तसे असेल, तर त्या काळच्या कोणत्याच डॉक्टरकडे तिच्यासाठी औषध नव्हते, म्हणून गली यांच्यावर ठपका ठेवण्यात अर्थ नाही. आज परिस्थिती वेगळी आहे. क्षयावर खात्रीचे औषध आहे, सलाइन आहे, अ‍ॅण्टिबायोटिक्स आहेत. लहान मुलाचे वजन घटत असेल, ताप आणि उलट्या थांबत नसतील, तर पित्त झाले असेल म्हणून घरी थांबू नका. गोळ्या कोणत्याही पद्धतीच्या असोत, वाट पाहण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

यानंतर बरीच वर्षे डार्विन माल्व्हर्नला फिरकला नाही.

काहीच केले नसते तर काय झाले असते?

डॉ. गली यांच्याबद्दल डार्विनला आदर होता, पण त्यांचा होमिओपॅथीवरचा विश्वास त्याला खटकत असे. १८५० मध्ये विल्यम फॉक्स या दूरच्या नात्यातल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या विषयावर मन मोकळे केले. इतक्या अतिसूक्ष्म मात्रेचा परिणाम होतो हे मानायचे, तर साधी अक्कल आणि साधे निरीक्षण दोन्ही गुंडाळून ठेवावे लागेल, असे त्याचे म्हणणे होते. त्यापुढे त्याने बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांचा एक विचार मांडला. आजारात काहीही न करता नुसते थांबले तर काय होते, हेच कुणाला माहीत नाही. ते माहीत असल्याशिवाय होमिओपॅथीची किंवा दुसऱ्या कोणत्याही उपचाराची तुलना कशाशी करणार?

माझ्या मते पोटाच्या प्रत्येक रुग्णाने हा प्रश्न लक्षात ठेवावा. आम्लपित्त कमी-जास्त होत राहणारा आजार आहे. आपण डॉक्टरकडे जातो ते त्रास अगदी टोकाला पोहोचल्यावर. त्यानंतर बहुतेक वेळा तो आपोआपही थोडा उतरणारच असतो. त्या आठवड्यात जे औषध चालू असेल, त्याला श्रेय मिळते. त्यातच डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले, धीर दिला, खाण्यापिण्याचे पथ्य सांगितले, तर त्यानेही फरक पडतो. म्हणून औषधाची खरी परीक्षा करायची, तर सारख्याच रुग्णांचे दोन गट करून एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देऊन पाहावे लागते. डार्विनच्या काळी अशा चाचण्या रुळलेल्या नव्हत्या. आज नवी औषधे सहसा या चाळणीतून जातात.

होमिओपॅथीचा पाया जर्मन डॉक्टर सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ मध्ये घातला. निरोगी माणसात जी लक्षणे एखाद्या पदार्थाने निर्माण होतात, तीच लक्षणे असलेला आजार त्या पदार्थाच्या सूक्ष्म मात्रेने बरा होतो, ही त्यामागची कल्पना. आम्लपित्तासाठी नक्स व्होमिका म्हणजे काजऱ्याच्या बियांपासून केलेले औषध, कार्बो व्हेज, लायकोपोडियम, रॉबिनिया ही नावे तुम्ही ऐकली असतील. बाटलीवर ३० सी लिहिलेले असते, तेव्हा मूळ अर्क शंभरपट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा केलेली असते. साधारण बाराव्या वेळेनंतर मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता फार कमी असते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन २०१५ मध्ये निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजारात मिळालेला नाही.

भारतात होमिओपॅथी ही मान्यताप्राप्त पद्धती आहे आणि बीएचएमएस डॉक्टर रीतसर शिकलेले असतात. त्यांच्याकडे जायचे की नाही, हा निर्णय तुमचा आहे. जात असाल तर चार गोष्टी पाळा. तुम्ही काय काय घेता ते दोन्ही डॉक्टरांना सांगा. चालू असलेले औषध, विशेषतः हृदयाचे किंवा अल्सरचे, परस्पर बंद करू नका. अर्काच्या थेंबांच्या औषधात मूळ पदार्थ आणि अल्कोहोल असू शकते, म्हणून ते काय आहे ते विचारा. आणि या लेखाच्या शेवटी दिलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एक जरी असेल, तर आधी तपासणी करून घ्या.

पुस्तक आणि उलट्या

१८४६ ते १८५४ या काळात डार्विनने समुद्रातल्या खडकांना चिकटणाऱ्या बार्नेकल नावाच्या प्राण्यांचा अभ्यास केला. या आठ वर्षांतली दोन आजारपणात गेली, असा त्याचा स्वतःचा हिशेब होता. उत्क्रांतीवरचे मोठे लिखाण चालू असताना तो मधूनमधून सरेमधील मूर पार्क येथे डॉ. एडवर्ड लेन यांच्या जलोपचार केंद्रात जाऊन राही. तिथली शांतता त्याला मानवायची.

२४ नोव्हेंबर १८५९ रोजी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले. जगाचा विचार बदलणाऱ्या या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती निघाल्या, तेव्हा लेखक यॉर्कशरमधल्या इल्कली गावी पाण्याचे उपचार घेत होता. पुस्तकावर काय वादळ उठेल, याची त्याला धास्ती होती.

मनाचा ताण आणि पोट यांचा संबंध खरा आहे. मेंदू आणि आतडी यांना जोडणाऱ्या नसांमधून दोन्ही बाजूंनी निरोप जात असतात. ताणामुळे आम्ल वाढतेच असे नाही, पण जठराची हालचाल मंदावते आणि तेवढ्याच आम्लाची जळजळ जास्त जाणवते. परीक्षा, कर्ज, घरातले आजारपण अशा काळात तुमचा त्रास वाढत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका. त्यावरही उपचार असतात.

खडू, मॅग्नेशिया आणि अर्धे पोट

१८६३-६४ हा काळ सर्वांत वाईट होता. उलट्या जवळजवळ रोज होत. १८६४ मध्ये डॉ. विल्यम जेनर यांनी त्याला खडू आणि मॅग्नेशियासारखी आम्ल मारणारी औषधे भरपूर दिली. त्याने काही काळ बराच आराम पडला. पुढच्या वर्षी डॉ. जॉन चॅपमन यांच्या पद्धतीने पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवून झाल्या. त्याने काही साधले नाही. मग डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी जेवण अगदी मोजके केले आणि घोड्यावरून फिरायला सांगितले. टॉमी नावाच्या शांत घोड्यावरची ही रपेट डार्विनला आवडली आणि त्याची तब्येतही सुधारली.

खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आज दुकानात मिळणाऱ्या अनेक अ‍ॅण्टासिड गोळ्यांत तोच असतो आणि पातळ औषधात मॅग्नेशियम व अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. ही औषधे तयार झालेले आम्ल शमवतात. काही मिनिटांत बरे वाटते, पण दोन-तीन तासांत परिणाम ओसरतो. रोज सोडा पिण्याची सवय मात्र वाईट. त्यातल्या सोडियममुळे रक्तदाब आणि हृदयाच्या रुग्णांना अपाय होऊ शकतो.

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही आजची औषधे जठरात आम्ल तयार होणेच कमी करतात. ती जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायची असतात. जेवणानंतर घेतली तर पूर्ण फायदा मिळत नाही आणि पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. डॉक्टर ती सहसा चार ते आठ आठवडे देतात. त्यानंतर ती चालू ठेवायची का, हे डॉक्टरांनी ठरवायचे. दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे खाऊ नका.

डार्विनच्या दोन सवयी मात्र डॉक्टरांना पुरून उरल्या. त्याला गोड फार आवडे. गोड खाणार नाही असा नेम तो करी, पण नेम मोठ्याने बोलून दाखवला नसेल तर तो बंधनकारक नाही, अशी पळवाटही त्याने काढली होती. दुसरी सवय तपकिरीची. ती कमी व्हावी म्हणून त्याने तपकिरीची बरणी अभ्यासिकेबाहेर दालनात ठेवली होती, म्हणजे दर चिमटीला उठून जावे लागे. बरणीचे झाकण वाजल्याचा आवाज घरात सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. तंबाखू, मिसरी किंवा गुटखा सोडू पाहणाऱ्यांना ही धडपड लगेच कळेल. तंबाखूमुळे अन्ननलिकेची झडप सैल होते, म्हणून ती सुटल्याशिवाय जळजळीचे औषध अर्धेच काम करते.

माशी खाणारे रोपटे

१८६० च्या उन्हाळ्यात डार्विनला ड्रॉसेरा या कीटकभक्षी वनस्पतीने नादी लावले. तिच्या पानांवरच्या चिकट थेंबांत माशा अडकतात. आपल्याकडे कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणारी दवबिंदू ही याच जातकुळीतली. डार्विनने त्या पानांवर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे बारीक तुकडे ठेवले. पानाने ते विरघळवले. मग त्याने त्या रसातले आम्ल सोड्यासारख्या क्षाराने मारून टाकले, तेव्हा पचन थांबले. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर पचन पुन्हा सुरू झाले. आम्लाशिवाय हे पचन होत नाही, हे स्वतः अ‍ॅण्टासिड खाणाऱ्या माणसाने एका रोपट्यावर दाखवून दिले. हे प्रयोग १८७५ मध्ये पुस्तकरूपाने आले. आम्ल आपला शत्रू आहे असे समजून ते कायमचे मारत बसू नये, हे यातून लक्षात घ्यावे.

याच प्रयोगांत अमोनियम फॉस्फेटच्या अतिशय कमी मात्रेनेही पानाचे केस वाकतात, असे त्याला आढळले. ही मात्रा एका ग्रॅमच्या सुमारे तीस कोटीव्या भागाइतकी होती. मग होमिओपॅथीची मात्रा का चालू नये, असे कुणी विचारील. फरक असा, की त्या इवल्याशा कणातही दहा लाख कोटींहून अधिक रेणू असतात. ३० सी च्या गोळीत मूळ पदार्थाचा एकही नसण्याचीच शक्यता जास्त.

मग आजार कोणता होता?

दक्षिण अमेरिकेत चावलेल्या किड्यापासून होणारा शागास रोग, दूध न पचणे, ठरावीक काळाने उलट्यांचे झटके येणारा सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम, मनाच्या अतिचिंतेचा विकार, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग अशी अनेक निदाने नंतरच्या डॉक्टरांनी सुचवली. एकमत झालेले नाही. दुर्बिणीची तपासणी त्या काळी नव्हती. जठरातला हा जंतू तर बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये ओळखला. आज त्याची तपासणी श्वासावरून किंवा शौचावरूनही होते आणि साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी तो बहुतेकांत जातो. डार्विनला न मिळालेले निदान तुम्हाला मिळू शकते.

शेवटच्या दहा वर्षांत डार्विनचे पोट बरेच शांत झाले. १८८१ च्या अखेरीस मात्र त्याच्या छातीत दुखू लागले. हे दुखणे हृदयाचे होते. १९ एप्रिल १८८२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, डाउनच्या घरी त्याचे निधन झाले. पोटाच्या जुन्या रुग्णाच्याही छातीतली प्रत्येक कळ गॅसची नसते, हे यातून ध्यानात ठेवा.

तुम्ही काय करावे?

- रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी किमान दोन-तीन तास आधी घ्या. एकदम पोटभर खाण्यापेक्षा थोडे थोडे खा.
- रात्री जळजळ होत असेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच करा आणि डाव्या कुशीवर झोपा. नुसत्या दोन उशा घेतल्याने पोट दुमडते.
- वजन जास्त असेल तर कमी करा. पोटाचा घेर घटला की झडपेवरचा दाब घटतो.
- तंबाखू आणि दारू सोडा. चहा, कॉफी, तिखट, तळलेले यांपैकी तुम्हाला काय बाधते, ते वहीत पाहून ठरवा. सरसकट सगळे बंद करण्याची गरज नसते.
- डोकेदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्यांनी अल्सर होऊ शकतो. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

धोक्याच्या खुणा

खालीलपैकी काहीही असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा:

- घास गिळताना अडकणे किंवा दुखणे
- रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौच
- कारण नसताना वजन घटणे, रक्त कमी होणे
- न थांबणाऱ्या उलट्या
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली अ‍ॅसिडिटी
- औषधाचा कोर्स पूर्ण करूनही तक्रार तशीच राहणे

छातीत दाबल्यासारखे दुखत असेल, घाम फुटला असेल, दम लागत असेल, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, तर अ‍ॅण्टासिड घेऊन वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा.

आजची बहुतेक औषधे हाताशी नसताना डार्विनने दुखणे सांभाळत एकामागून एक पुस्तके लिहिली. सकाळचे मोजके तास काम, ठरलेल्या वेळी फेरफटका, ठरलेली विश्रांती, आणि तब्येतीची नोंद. तुमच्याकडे ही शिस्त आणि आजची औषधे, दोन्ही असू शकतात. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना पिशवीत एक वही टाका, आणि कोणत्याही नव्या औषधाबद्दल विचारा: हे घेतले नाही तर काय होईल?